वाफ मिळते, पंप मिळत नाही : ग्रामीण रुग्णालयातली दम्याची चिठ्ठी

मावशींनी कॅरीबॅग उलटी केली आणि सगळे कागद सतरंजीवर पडले. चौदा महिन्यांतले अकरा केसपेपर. सात आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाचे, चार ऊसतोडीला गेल्या होत्या त्या भागातल्या रुग्णालयाचे. वय बेचाळीस, काम कोयत्यावर, त्रास धाप लागण्याचा. मी कागद तारखेप्रमाणे लावले. अकरापैकी फक्त तीन कागदांवर 'अस्थमा' हा शब्द होता. बाकीच्यांवर कुठे 'खोकला', कुठे 'श्वासाचा त्रास', कुठे 'एलआरटीआय'.

निदानाचे शब्द बदलत होते, औषध मात्र जवळपास सारखेच होते. डेरिफायलिनचे इंजेक्शन, डेक्साचे इंजेक्शन, नेब्युलायझरवर वाफ. मग पाच दिवसांच्या गोळ्या : सालब्युटामॉल, पुन्हा डेरिफायलिन, प्रेडनिसोलोन आणि एक अँटिबायोटिक. "सुई मारली की दोन तासात बरं वाटतंय ताई, आठ दिवस निघतेत," मावशी म्हणाल्या. आठ दिवसांनंतर काय, हे पुढच्या केसपेपरवर लिहिलेलेच होते.

या अकराही कागदांवर पंप नव्हता. पंप म्हणजे इनहेलर. आपल्याकडे सगळे त्याला पंपच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते.

मी डॉक्टर नाही. समाजशास्त्र शिकले आणि काही वर्षे वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करते आहे. त्यामुळे कोणाला कोणते औषध द्यावे, हे मी सांगणार नाही. पण सरकारी रुग्णालयाच्या चिठ्ठीवर एखादे औषध वर्षानुवर्षे का येत नाही, हा प्रश्न वैद्यकशास्त्रापुरता नाही आणि त्यात आपल्या चळवळीचाही थोडा हात आहे.

आधी आजाराबद्दल थोडे. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते आणि त्या सुजेमुळे त्या कशानेही, धुराने, धुळीने, थंडीने, आवळल्या जातात. सालब्युटामॉल हे आवळणे सोडवते. सूज तशीच राहते. सूज उतरवणारे औषध म्हणजे श्वासातून अगदी कमी मात्रेत घ्यायचे स्टेरॉईड, उदाहरणार्थ बुडेसोनाईड. ते बरे वाटत असतानाही घ्यायचे असते, कारण ते झटका येऊच नये यासाठी आहे. जगभरच्या दमातज्ज्ञांची 'जीना' नावाची संस्था दरवर्षी मार्गदर्शक सूचना काढते. तिने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले की प्रौढ रुग्णाला नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवू नये. त्याने तात्पुरता आराम पडतो, पण गंभीर झटक्याचा धोका वाढतो. फक्त सालब्युटामॉलचे पंप वर्षाला तीन किंवा जास्त लागत असतील, तर तीसुद्धा धोक्याची खूण मानली जाते.

आता मावशींच्या गोळ्यांकडे बघा. सालब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. पंपाचा एक झोत १०० मायक्रोग्रॅमचा, दोन झोत घेतले तर २००. गोळीतून वीसपट औषध पोटात जाते, रक्तातून सगळ्या अंगभर फिरते आणि छातीपर्यंत उशिरा पोचते. म्हणून हात थरथरतात, छातीत धडधडते. मावशींना वाटत होते की हा अशक्तपणा आहे. डेरिफायलिनमधल्या थिओफिलिनची गोष्ट आणखी नाजूक : उपयोगी मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर फार कमी. आणि स्टेरॉईड? "पंपात स्टेरॉईड असतंय, नको बाई," असे वस्तीत अनेकजण म्हणतात. ज्या पंपाची भीती वाटते त्यात एका वेळी शंभर-दोनशे मायक्रोग्रॅम बुडेसोनाईड असते. जी प्रेडनिसोलोनची गोळी बिनतक्रार घेतली जाते, ती १० मिलिग्रॅमची असली तरी १०,००० मायक्रोग्रॅम होते. ती सुद्धा पोटातून, सगळ्या अंगाला.

इथे डॉक्टरांवर अन्याय नको. मोठ्या झटक्यात पाच-सात दिवस प्रेडनिसोलोन देणे योग्यच आहे, त्याने जीव वाचतो. चूक त्या पाच दिवसांत नाही, सहाव्या दिवशी आहे. सहाव्या दिवसापासून रुग्णाकडे काहीच नसते. मग महिना-दीड महिन्यात पुन्हा झटका, पुन्हा तोच कोर्स. असे वर्षभरात सात-आठ वेळा झाले की हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, मोतीबिंदू, रक्तदाब ही दारे उघडतात. आणि कोणी मेडिकलमधून स्वतःच त्या गोळ्या आणून महिनोन्महिने खात असेल, तर त्या एकदम बंद करणेही धोक्याचे असते. अँटिबायोटिकबद्दल तर सूचना सरळ आहे : जंतुसंसर्गाची चिन्हे नसतील तर दम्याच्या झटक्यात ते नेहमीचे म्हणून देऊ नये.

मावशींचीच ही कथा असती तर एवढे लिहिले नसते. ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे ३ कोटी ४० लाख दम्याचे रुग्ण आहेत. जगातल्या रुग्णांपैकी हे साधारण १३ टक्के. पण दम्याने जगात जेवढे मृत्यू होतात, त्यातले ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. रुग्ण १३ टक्के आणि मृत्यू ४० टक्क्यांच्या वर, या दोन आकड्यांमधली दरी आजाराची नाही, उपचाराची आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतीय अभ्यासात मुले आणि त्यांचे पालक, दोघांनाही प्रश्न विचारले होते. ज्यांच्या छातीत घरघर होते त्यांच्यापैकी ८२ टक्के जणांना दम्याचे निदानच झालेले नव्हते, आणि त्यांच्यात रोज श्वासातून स्टेरॉईड घेणारे अडीच टक्क्यांहूनही कमी निघाले.

मग हे औषध सरकारच्या यादीतच नसेल का? तसे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत बुडेसोनाईड आहे, बुडेसोनाईड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंपही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे २०२३ मध्ये नाव आणि रूप बदलले, तेव्हा त्यात रक्तदाब, मधुमेह, कर्करोग यांच्या जोडीला दमा आणि सीओपीडी यांना जागा मिळाली. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून औषधापर्यंत सगळे मोफत झाले. मे २०२५ मध्ये जागतिक दमा दिनाचे घोषवाक्यच होते, श्वासातून घ्यायची औषधे सगळ्यांपर्यंत पोचवा.

म्हणजे कागदावर सगळे आहे. आमच्या तालुक्याच्या औषध खिडकीवर मात्र विचारले तर उत्तर मिळते, "तो पंप आपल्याकडे येत नाही."

का येत नाही, हे शोधायला मी तिथल्या एका वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटले. सकाळच्या ओपीडीत दीडशे-पावणेदोनशे रुग्ण, त्यात मध्येच अपघाताची केस, मध्येच पोस्टमॉर्टम. ते चिडले नाहीत, उलट मोकळेपणाने बोलले. "मॅडम, मला काय द्यायला पाहिजे ते माहीत आहे. पण भांडारात नाही ते लिहिलं तर पेशंट बाहेर जाऊन विकत घेत नाही. आणि बाहेरची चिठ्ठी लिहिली म्हणून तुमचेच कार्यकर्ते माझ्याविरुद्ध निवेदन देतात."

मला हे लागले. कारण ते निवेदन आम्हीच दिले होते, दोन वर्षांपूर्वी. 'बाहेरची औषधे लिहिणे बंद करा' ही आमची मागणी होती, आणि ती चुकीची नव्हती. गरीब माणसाला मेडिकलमध्ये पिटाळणे थांबायलाच हवे होते. पण त्याचा एक परिणाम आम्ही पाहिला नाही. डॉक्टर आता फक्त जे भांडारात आहे तेच लिहितात. जे नाही, ते कागदावरच येत नाही. म्हणून त्याची उणीवही कुठे दिसत नाही.

भांडाराची रीत अशी असते की पुढच्या वर्षाची मागणी, म्हणजे इंडेंट, बहुधा मागच्या वर्षीच्या वापरावरून काढतात. सालब्युटामॉल गोळ्या इतक्या संपल्या, डेरिफायलिन इतकी संपली, की तेवढ्याच किंवा थोड्या जास्त मागवल्या जातात. बुडेसोनाईडचा पंप आलाच नाही, म्हणून वापर शून्य. वापर शून्य, म्हणून मागणी शून्य. डॉक्टर लिहीत नाहीत कारण भांडारात नाही, भांडारात नाही कारण डॉक्टर लिहीत नाहीत. औषध खरेदी २०१७ पासून हाफकिनकडे होती, २०२३ च्या कायद्याने स्वतंत्र खरेदी प्राधिकरण आले. त्या पातळीवर काय चुकते यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून येते. पण जे औषध तालुक्याने मागितलेच नाही ते कोणत्याही प्राधिकरणाने पाठवले नसते, ही गोष्ट त्या गदारोळात राहून जाते.

दुसरी अडचण निदानाची. श्वासाची तपासणी करणारे स्पायरोमीटर ग्रामीण रुग्णालयात क्वचितच चालू स्थितीत दिसते. पण पीक फ्लो मीटर नावाची एक प्लास्टिकची नळी असते. त्यात जोरात फुंकायचे आणि काटा किती सरकतो ते बघायचे. सालब्युटामॉलचे दोन झोत देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावले आणि आकडा २० टक्के किंवा जास्त वाढला, तर दम्याची शक्यता बळकट होते. जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक केंद्रांसाठी सांगितलेली हीच पद्धत आहे. ती वापरली तर दमा आणि सीओपीडी वेगळे ओळखायला मदत होते, आणि हे वेगळेपण महत्त्वाचे आहे, कारण दम्यात श्वासातले स्टेरॉईड हा पाया, तर सीओपीडीत दीर्घकाळ श्वासनलिका मोकळी ठेवणारे औषध हा पाया. विडी न ओढलेल्या, पण वीस-पंचवीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या बायकांना सीओपीडी असू शकतो, हे अजून कितीतरी ठिकाणी कोणाच्या डोक्यात येत नाही. (आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासायची, हे आपण विसरायचे नाही. दम्याच्या नावाखाली क्षय लपलेलाही मी पाहिला आहे.)

सरकारला दीर्घ आजाराचे औषध सलग देता येत नाही, असेही नाही. रक्तदाबाचे उदाहरण आपल्यासमोर आहे. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून सुरुवातीला भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे होते. तिथे काय केले? एक छापील उपचार पद्धत भिंतीवर लावली, रुग्णाचे कार्ड बनवले, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या द्यायचे ठरवले, आणि जो आला नाही त्याला फोन करायचा. यात कोणतेही मोठे यंत्र नाही. दम्याला यातले काहीच मिळालेले नाही. मावशींना कार्ड नाही. प्रत्येक वेळी नवा केसपेपर, नवा डॉक्टर, नव्याने सुरुवात. मागचे दहा कागद त्यांच्या कॅरीबॅगेत असतात, डॉक्टरांच्या टेबलावर नसतात.

आणि ही व्यवस्था कोणाला सर्वांत जास्त महाग पडते? ज्याला नोकरी आहे तो खासगीत जातो, महिन्याला काही शे रुपयांचा पंप घेतो आणि कामावर जातो. वीटभट्टीवर, जिनिंगच्या धुळीत, झाडूकामावर, उसाच्या फडात कोण आहे, हे या वाचकांना सांगायला नको. ऊसतोडीत पहाटे उठून थंडीत फडात जायचे, पाचटाची धूळ, मग कोपीत चुलीचा धूर. झटका आला की त्या दिवशी खाडा. खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात, जोडीदाराचाही दिवस बुडतो. आमच्या मावशींनी मागच्या हंगामात चार खाडे केले, ते चारही रुग्णालयाच्या कागदांवर तारखेनिशी आहेत. 'मोफत' उपचाराचा हा भाव कुठल्या पावतीवर येत नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे पाच लाखांचे कवच आहे ना, असे कोणी विचारेल. ते कवच भरती झाल्यावरचे, ठरलेल्या उपचारांसाठीचे आहे. म्हणजे मावशी अतिदक्षता विभागात पोचल्या तर त्यांच्यावर हजारो रुपये खर्च होऊ शकतात. त्या तिथे पोचू नयेत म्हणून लागणारा महिन्याचा पंप त्या योजनेत नाही.

या पोकळीत दुसरे लोक शिरतात. कोजागिरीला खिरीतून दम्याचे औषध वाटले जाते, हैदराबादला मृगाच्या सुमारास माशातून दिले जाते, आणि दरवर्षी गर्दी असते. शिवाय गावोगाव फिरणाऱ्यांच्या पुड्या, ज्यांत अनेकदा स्टेरॉईडच मिसळलेले निघाले आहे. आपण विज्ञानवादी लोक त्या रांगेला अंधश्रद्धा म्हणतो. म्हणायलाही हवे. पण त्या रांगेतल्या बहुतेकांना सरकारी दवाखान्याने आयुष्यात एकदाही पंप कसा ओढायचा ते दाखवलेले नसते, हेही त्याच वाक्यात म्हणायला हवे.

पंप ओढायला शिकवणे हा चिठ्ठीचाच भाग आहे. तोंडाने हवा सोडून, पंप दाबतानाच सावकाश खोल श्वास घेऊन, दहा सेकंद थांबायचे. स्टेरॉईडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. घाईत दाबले की औषध घशातच राहते आणि माणूस म्हणतो, "पंपानं काही फरक नाही." मध्ये स्पेसर लावला तर काम सोपे होते. स्पेसर नसेल तर? दक्षिण आफ्रिकेत अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून, पंप तिथे घट्ट बसवून मुलांवर अभ्यास केला होता. १९९९ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये आला. बाटलीचा स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला. आमच्या आशाताईंना ही बाटली दाखवली तेव्हा त्या हसल्या, "हे तर फुकटातलं आहे!" आणि पंपाची सवय लागते ही समजूत? चष्म्याची लागते तेवढीच.

एक गोष्ट खेड्यातल्या माणसाला विशेष सोयीची आहे. बुडेसोनाईड आणि फॉर्मोटेरॉलचा एकत्र पंप रोजच्यासाठी आणि झटक्यासाठी, दोन्हीसाठी वापरता येतो, असे 'जीना' सांगते. एकच पंप, दोन कामे. फडात दोन वेगवेगळे पंप सांभाळणे शक्य नसते. किती वेळा आणि कोणाला, हे अर्थात डॉक्टर ठरवतील.

आता आपण काय करू शकतो? आम्ही मागणी बदलली आहे. 'बाहेरची चिठ्ठी नको' इथे न थांबता, जे औषध गरजेचे आहे ते केसपेपरवर लिहा आणि पुढे 'उपलब्ध नाही' अशी नोंद करा, असे आम्ही म्हणतो. ही नोंद डॉक्टरांविरुद्ध नाही, त्यांच्या बाजूची आहे, हे त्यांना समजावून सांगावे लागले. अशा नोंदी साठल्या की रुग्ण कल्याण समितीकडे स्थानिक खरेदीची मागणी करता येते. माहिती अधिकारात 'औषधांचा तुटवडा आहे का' असे मोघम विचारले तर उत्तरही मोघम येते. म्हणून आम्ही नेमके विचारले : मागील तीन वर्षांत बुडेसोनाईड इनहेलरचा इंडेंट किती, आवक किती, वाटप किती, आणि तेवढ्याच काळात डेरिफायलिन व सालब्युटामॉल गोळ्यांचे वाटप किती. ई-औषधी प्रणालीत नोंदी असतात, त्यामुळे माहिती संकलित नाही ही सबब सहज चालत नाही. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचे काम झाले आहे. जिथे ते जाळे अजून जिवंत आहे तिथे हा प्रश्न त्यात घालता येईल.

दुसरे, १४ एप्रिलची आपली आरोग्य शिबिरे. रक्तदान होते, साखर आणि बीपी बघतात, चष्मे वाटतात. यंदा आमच्या शिबिरात एक पीक फ्लो मीटर ठेवला आणि एका निवृत्त परिचारिका बसल्या. रांगेत बहुतेक बायका होत्या. दम लागतो हे त्यांनी आजवर आजार म्हणून कुणाला सांगितलेलेच नव्हते. वयाने येते, कामाने येते, असेच त्या धरून चालल्या होत्या.

मावशींच्या केसपेपरवर जुलैत पहिल्यांदा 'बुडेसोनाईड–फॉर्मोटेरॉल इनहेलर, उपलब्ध नाही' अशी ओळ आली. रुग्ण कल्याण समितीतून काही पंपांची स्थानिक खरेदी झाली, त्यातले दोन मावशींना मिळाले. एका पंपात १२० झोत, रोज सकाळ-संध्याकाळ एकेक धरला तर दोन महिने. त्यांना दोन महिन्यांत वाफ घ्यावी लागलेली नाही, पहिला पंप संपत आला आहे. माहिती अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. टोळी दसऱ्यानंतर निघेल आणि मार्चपर्यंत परतणार नाही. हंगामाला तीन पंप लागतील, पिशवीत एक भरलेला आहे.